सर, आजचा पगार मिळतो का?

गेल्या वर्षी जुलैत आम्ही बाराजण पुण्यातल्या महापालिकेच्या एका शाळेत गेलो होतो. अंगात कंपनीने दिलेले हिरवे टी-शर्ट, छातीवर झाडाचं चित्र, पाठीवर लोगो. चार कॅब करून गेलो. नववीचा वर्ग, साठेक मुलंमुली. पहिला तास 'करिअर', दुसरा तास 'शाश्वत विकास', मग ग्रुप फोटो, मग समोसा आणि ज्यूसचं टेट्रापॅक.

पहिल्या तासातली वीस मिनिटं माझी होती. सॉफ्टवेअर इंजिनिअर काय करतो हे मी सांगितलं. शेवटी म्हणालो, आवडीचं काम शोधा, म्हणजे ते काम वाटतच नाही. हे वाक्य मी कुठून उचललं होतं कोण जाणे. मला स्वतःला माझं काम रोज सकाळी साडेनऊच्या मीटिंगला अगदी कामच वाटतं.

"काही प्रश्न?" मी विचारलं. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला.

"सर, तुम्ही आज इथं आलाय, तर आजचा पगार मिळतो का?"

वर्ग हसला. बाईंनी त्याच्याकडे डोळे वटारले. मी म्हणालो, "हो, मिळतो. आजचा दिवस ड्युटीच धरतात."

"म्हणजे खाडा नाही," तो म्हणाला आणि खाली बसला.

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याने एक हिशेब मनात धरला होता, तो पूर्ण झाला एवढंच. पण 'खाडा' हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. ज्याच्या घरी रोजंदारीवर चूल पेटते त्याच्या तोंडात तो रोज असतो. कामावर गेलं नाही, खाडा पडला, त्या दिवसाचे पैसे गेले. आमच्या करिअरच्या बावीस स्लाइड्समध्ये पॅशन होतं, स्किल होतं, टीमवर्क होतं, ग्रोथ माइंडसेट होता. पगार हा शब्द नव्हता. खाडा तर नव्हताच.

दुसऱ्या तासाला माझ्या एका सहकाऱ्याने 'पृथ्वी वाचवण्यासाठी पाच सवयी' शिकवल्या. दात घासताना नळ बंद ठेवा. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा. समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या वस्तीत पाणी ठरल्या वेळेलाच येतं आणि घर एकाच खोलीचं आहे. खोलीतून बाहेर पडणं म्हणजे घरातून बाहेर पडणं. खाली आवारात आमच्या चार कॅब एसी चालू ठेवून उभ्या होत्या.

घरी आल्यावर मला आधी स्वतःची लाज वाटली, मग लाज वाटल्याचा कंटाळा आला. इन्स्टाग्रामवर असली लाज ढीगभर मिळते. मला प्रश्नाचं उत्तर हवं होतं. प्रश्न असा: कंपन्यांनी शाळेत जाऊन मुलांना काम आणि पर्यावरण शिकवणं योग्य आहे का? की त्यांचा हा अधिकारच नाही?

*

माझ्या हातात या प्रश्नाचं एक टोक लहानपणापासून आहे. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्यात वाढलो आणि माझी शाळा साखर कारखान्याने काढलेली होती. आपल्याकडे 'शाळा आणि उद्योग यांची भागीदारी' ही काही नवी आयडिया नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० च्या सुमारास त्याचं गाळप सुरू झालं. त्यानंतर जिथे जिथे चिमणी उभी राहिली तिथे तिथे काही वर्षांत शाळा, कॉलेज, दवाखाना आला. माझी इंजिनिअरिंगची डिग्रीसुद्धा अशाच वर्तुळातल्या एका कॉलेजची आहे. म्हणजे या भागीदारीचा मी लाभार्थी आहे. तिला नुसत्या शिव्या घालणं मला परवडणारं नाही.

आमच्या शाळेत ५ जूनच्या आसपास झाडं लावायचो. पर्यावरण हा विषयही होता, कारण सर्वोच्च न्यायालयानेच तो सगळ्या इयत्तांना सक्तीचा करायला सांगितलं होतं. पुढे अकरावी-बारावीत त्याचं जर्नल असायचं, जे आधीच्या वर्षीच्या मुलांकडून उतरवून घ्यायचं. त्या जर्नलमध्ये मी 'जलप्रदूषण : कारणे व उपाय' असा प्रकल्प लिहिला. उदाहरण म्हणून गंगा घेतली. आमच्या गावच्या ओढ्याला सीझनमध्ये मळीचा वास यायचा, पाणी काळपट तांबडं व्हायचं, एकदा मासे वर आले होते. ते मी लिहिलं नाही. कुणी लिहू नको म्हणालं नव्हतं. कुणी म्हणायची गरजच नव्हती. बक्षीस समारंभाला चेअरमनसाहेब येणार होते.

कामाचंही तसंच. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड टोळ्या यायच्या. बीडकडच्या, नगरच्या. कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि ती फेडायला तोड करायची. माझ्याच वयाची पोरं पहाटे फडात जायची, वाढ्याच्या पेंढ्या बांधायची, धाकट्या भावंडांना सांभाळायची. त्यांच्यासाठी साखरशाळा नावाचा प्रयोग आमच्या भागातही दोनेक वर्षं झाला, मग बंद पडला. आठवीत असताना तळावरचा एक मुलगा तीन महिने आमच्या वर्गात येऊन बसला होता. त्याचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं, विशेषतः टनाचे भाव आणि वजावट. मार्चमध्ये पट्टा पडला आणि तो गेला. त्याच वर्षी कारखान्याच्या वर्धापनदिनी आमच्याकडे 'श्रमाचे मोल' या विषयावर निबंध स्पर्धा झाली. मला दुसरा नंबर मिळाला. त्या निबंधात तो मुलगा नव्हता.

एकाच कारखान्याने दोन पोरांना 'काम' शिकवलं. एकाला फळ्यावर, दुसऱ्याला फडात. फळ्यावर शिकलेल्याला दुसऱ्याबद्दल लिहायचं सुचू नये, याचीही तालीम झाली होती. आणि ती कुठल्याही धड्यात नव्हती.

*

कंपन्यांनी शिकवू नये, असं म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा ढोंगाचा असतो. गूळ खाणाऱ्या मुलाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आई मुलाला घेऊन साधूकडे जाते, म्हणते याला गूळ खाऊ नको म्हणून सांगा. साधू म्हणतो, काही दिवसांनी या. नंतर कळतं की मधल्या काळात त्याने आधी स्वतःचा गूळ सोडला. कोणी ही गोष्ट रामकृष्ण परमहंसांच्या नावावर सांगतं, कोणी गांधींच्या. तात्पर्य एकच: स्वतः करत नाही ते दुसऱ्याला सांगू नये.

मला ही गोष्ट आवडते, पण आपल्या प्रश्नाला ती पुरत नाही. सिगारेट ओढणारा डॉक्टर 'सिगारेट वाईट' म्हणाला तर ते खोटं ठरत नाही. नळ बंद करा हे वाक्य कॅबमधून आलेल्या माणसाने म्हटलं तरी खरंच राहतं. आणि फक्त स्वच्छ हातांनीच शिकवायचं ठरवलं तर शाळाच बंद कराव्या लागतील, कारण शासन, शिक्षक, पालक, मी, कुणाचेच हात तेवढे स्वच्छ नाहीत.

मला खटकतं ते ढोंगापेक्षा वेगळं आहे. आम्ही त्या वर्गात एकही वाक्य खोटं बोललो नव्हतो. आम्ही फक्त प्रश्नाची साइझ ठरवली होती. पृथ्वीचा प्रश्न आम्ही नळाएवढा करून दिला. नळ मुलांच्या हातात असतो, त्यामुळे जबाबदारीही त्यांच्याच हातात गेली.

ही युक्ती आमच्या कंपनीने शोधलेली नाही. 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द आज तुमच्या-माझ्या तोंडी आहे, त्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा वाटा आहे. २००० च्या दशकात त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली की तुमचा फूटप्रिंट किती? ज्याचा त्याने मोजावा म्हणून कॅल्क्युलेटरही दिला. प्रश्न चुकीचा नाही. पण तो कोण कुणाला विचारतोय, हे बघितलं की त्याचा रंग बदलतो.

आपल्याकडे याला कायद्याचीही एक विचित्र जोड आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ म्हणतं की ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी. शिक्षण आणि पर्यावरण दोन्ही त्या यादीत आहेत. पण नियमांत एक अट आहे: कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम यात धरलं जाणार नाही. हेतू चांगलाच आहे. नाहीतर उद्या साबणाची कंपनी साबण विकणं हीच समाजसेवा म्हणून दाखवेल.

पण या अटीचा एक अर्थ माझ्या डोक्यातून जात नाही. 'सामाजिक जबाबदारी' म्हणजे तुमच्या धंद्याच्या बाहेरचं काहीतरी, असं कागदावर ठरून गेलं. नफा ज्या कामातून येतो त्याबद्दल त्या खात्यात बोलायचंच नाही. त्यामुळे सीएसआरची माणसं शाळेत येतात तेव्हा ती मनापासून आलेली असली तरी, धंद्याबद्दलचा प्रश्न त्यांच्या कक्षेत येतच नाही. आमची सीएसआर बघणारी सहकारी खरंच तळमळीची आहे, शनिवारीसुद्धा शाळांमध्ये फिरते. मी तिला म्हणालो, आपल्या जुन्या लॅपटॉपचं काय होतं, डिझेल जनरेटर किती तास चालतो, यावर एक स्लाइड टाकू या का? ती म्हणाली, "अरे, ते आपल्या स्कोपमध्ये नाही. आणि नववीच्या पोरांना काय करायचंय ते?"

मजा अशी की हेच आकडे कंपनी दुसरीकडे जाहीर करते. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यात वरच्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना 'बीआरएसआर' नावाचा अहवाल सक्तीचा केला आहे. वीज किती, पाणी किती, ई-कचरा किती, सगळं त्यात लिहावं लागतं. म्हणजे गुंतवणूकदाराला जे सांगतो ते नववीच्या मुलाला सांगत नाही. गुंतवणूकदाराला आकडे, मुलाला सवयी.

*

मग कंपन्यांना शाळेच्या दारातच थांबवावं का? मला तसं वाटत नाही. काम म्हणजे काय हे शाळेच्या चार भिंतींत कळत नाही, ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे.

१९३७ मध्ये वर्ध्याला जी शिक्षण परिषद झाली तिच्यात गांधींनी नई तालीम मांडली: मुलांनी हस्तोद्योगातून शिकावं आणि त्यातून शाळेचा खर्चही निघावा. लगेच टीका झाली की ही बालमजुरी होईल, शाळेचा कारखाना होईल. टीका चुकीची नव्हती. पोरांच्या कामावर शाळेचा खर्च टाकला की शिकण्यापेक्षा उत्पादन मोठं होणारच. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'कडे पाहिलं तर वेगळी बाजू दिसते. तिथे कमाई विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शिक्षणाला लागते, आणि ज्याला एरवी कॉलेजच दिसलं नसतं तो त्यातून पुढे जातो.

मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण पाबळचं. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक होते. ती नोकरी सोडून १९८३ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या कार्यक्रमात हायस्कूलची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात: वेल्डिंग, शेती आणि जनावरं, वीज आणि ऊर्जा, अन्न आणि आरोग्य. आणि त्यातलं काम गावासाठी असतं. कुणाच्या तरी घराचं गेट, कुणाच्या तरी मातीचा नमुना. गिऱ्हाईक खरं असतं. गेट नीट बसलं नाही तर ते परत येतं.

इथे मला फरक कळला. पाबळच्या मुलाला कामाबद्दल कुणी भाषण देत नाही. काम स्वतःच त्याला उलट बोलतं. आमच्या स्लाइड्स कुणाला उलट बोलू देत नव्हत्या. शेवटच्या पाच मिनिटांत प्रश्न, तेही बाईंच्या नजरेखाली.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलंय. मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशांकडे जाऊन शिकावं. चांगलंच आहे. पण माझी एक शंका आहे. त्या मागच्या बाकावरच्या मुलाला सुतारकाम 'अनुभवायची' किती गरज आहे? बहुतेक त्याच्या घरी किंवा शेजारी कुणीतरी करतच असेल. गरज आहे ती त्याला आमच्या ऑफिसात बसवायची. तिथे त्याने बघावं की 'ग्रोथ माइंडसेट'वाला माणूस रात्री अकराला कॉलवर असतो, की हाउसकीपिंगच्या मावशी दुसऱ्याच कंपनीच्या पगारपत्रकावर असतात आणि त्यांचा खाडा पडतो. आणि कोप्यांकडे कधी न गेलेल्या माझ्यासारख्याला आठवीत एक दिवस तळावर न्यायला हवं होतं. कामाचं शिक्षण सगळ्यांना सारखं देऊन चालत नाही. ज्याला जी बाजू दिसत नाही, ती त्याला दाखवायला हवी.

*

डिसेंबरमध्ये त्याच शाळेत दुसरं सत्र होतं. मी पुन्हा नाव दिलं. त्याआधी आमच्या आयटी ॲडमिनकडे गेलो आणि लॅपटॉपचं विचारलं. उत्तर इतकं काही भयंकर नव्हतं. जुनी मशीन नोंदणीकृत रिसायकलरकडे जातात, सर्टिफिकेट येतं. ई-कचऱ्याचे नियम पाळले जातात. फक्त लॅपटॉप दर तीन वर्षांनी बदलतात, तो चालत असला तरी. माझा गेल्याच वर्षी बदलला होता. जुना उत्तम चालू होता. नवा पातळ होता म्हणून मी खूश होतो. लॅपटॉपच्या पूर्ण आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो तयार होतानाच होऊन गेलेला असतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणजे मी आयुष्यभर दात घासताना नळ बंद ठेवला तरी जे निघणार नाही, ते मी एका ईमेलला 'अप्रूव्ह्ड' म्हणून करून टाकलं होतं.

वर्गात मी स्लाइड लावली नाही. स्कोपमध्ये नव्हती ना. पण बोलताना ही गोष्ट सांगितली. तीन वर्षं, चालू मशीन, नवं मशीन, माझं नाव. सहकारी थोडे अस्वस्थ झाले. बाईही.

मुलं मात्र अजिबात हळहळली नाहीत. एक मुलगी म्हणाली, "सर, मग जुना आम्हाला द्या की." शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये बावीस मशीन होती, नऊ चालू होती.

मी सांगितलं की देता येत नाही. त्याच्या डिस्कवर कंपनीचा, ग्राहकांचा डेटा असतो. म्हणून डिस्क नष्ट करावी लागते आणि सगळं मशीन एकदमच देऊन टाकतात.

मागच्या बाकावरचा तो मुलगा, खाडावाला, उभा राहिला. "मग डिस्क तेवढी काढून घ्या ना. बाकी द्या. नवी डिस्क केवढ्याला येते?"

मी इंजिनिअर आहे. मला किंमत माहीत होती. नव्या लॅपटॉपच्या एका लहानशा हिश्शात येते. आमच्या ऑफिसात तीनशेच्या वर इंजिनिअर आहेत आणि इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही, माझ्यासकट, विचारलेला नव्हता. आम्ही मूर्ख होतो म्हणून नाही. आमच्यापैकी कुणाला जुना लॅपटॉप नको होता, म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी तो प्रश्न ॲडमिनला आणि सीएसआरच्या सहकारीला एकाच ईमेलमध्ये पाठवला. ॲडमिनचं उत्तर आलं: पॉलिसीत बसत नाही, इन्फोसेकला विचारावं लागेल. सहकारी आधी वैतागली, मग तिनेच फाइल बनवली. आता मार्च संपत आलाय. इन्फोसेकने दोन शंका काढल्या, दोन्हींची उत्तरं दिली, तिसरी आली आहे. होईल की नाही, सांगता येत नाही. झालं तरी तेरा बंद मशीनची सोय होईल, पृथ्वी काही वाचणार नाही.

पण माझ्यापुरतं मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालंय. कंपनीने शाळेत जावं की नाही, हे तिचे हात किती स्वच्छ आहेत यावर ठरवू नये. शाळेतला प्रश्न उलटा प्रवास करून कंपनीत जाऊ शकतो का, आणि तिथे कुणाच्या तरी टेबलावर पडून त्याला त्रास देऊ शकतो का, यावर ठरवावं. आमच्या कारखान्याच्या शाळेत हा रस्ता बंद होता. ओढ्याचा वास सगळ्यांना यायचा, पण वर्गातून चेअरमनच्या केबिनपर्यंत जाणारं कुठलंच दार नव्हतं. म्हणून ती भागीदारी नव्हती, उपकार होता. मी तो घेतला, त्यावर शिकलो, आणि त्याची किंमत म्हणून गंगेवर प्रकल्प लिहिला.

एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागायच्या आत एकदा जाऊन मुलांना सांगायचंय की फाइल कुठे अडकली आहे. रजा टाकून जाणार आहे. तो विचारेलच, आणि या वेळी उत्तर वेगळं द्यायचंय, असं मनात होतं. मग लक्षात आलं, माझी रजाही पगारीच आहे.